धरणाच्या पाण्यावर रविवारची शर्यत: नवखे आणि मुरलेले एकत्र कसे खेळतील?

माजलगावहून एका शिक्षकांनी विचारलं आहे: "आम्ही दहा-बारा मित्र आहोत. दोघांना शिडाची होडी नीट येते, चौघं कधीतरी बसलेत, बाकीच्यांना पोहता येतं एवढंच. धरणावर रविवारी आपसांत शर्यती लावाव्यात असं मनात आहे. बोटी कोणत्या घ्यायच्या? आणि ते दोघंच दर वेळी जिंकणार असतील तर बाकीच्यांनी यायचं कशाला?"

सर, तुमचा खरा प्रश्न शेवटचा आहे, म्हणून आधी त्याचंच बोलतो. मी खडकवासल्याच्या पाण्यावर शीड धरायला शिकलो, मुंबईच्या बंदरात शर्यती केल्या आणि आता बरीच वर्षं नवख्यांना शिकवतो. हौशी गट उत्साहानं सुरू होतात आणि वर्षभरात बंद पडतात, हे अनेकदा पाहिलंय. कारण बहुतेक वेळा पैशाचं नसतं. पहिला आणि शेवटचा यांच्यात अंतर फार पडतं. मागचा माणूस एकटा पाण्यावर लटकतो, पुढचे काठावर चहा पीत त्याची वाट बघतात, आणि दोन रविवारांनंतर त्याला नेमकं शेतात काम निघतं. म्हणून बोट, मार्ग, नियम, काहीही ठरवताना एवढंच विचारा: यानं शेवटची होडी पहिलीच्या जवळ येते की लांब जाते?

बोटी सगळ्या एकाच नमुन्याच्या घ्या. याला वन-डिझाइन म्हणतात आणि ही कल्पना जुनी आहे. १८८७ साली आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या बंदरात 'वॉटर वॅग' नावाच्या छोट्या होड्या मुद्दाम एकाच आराखड्यावर बांधल्या गेल्या. त्याआधी ज्याच्याकडे पैसा तो नवी, जास्त पळणारी बोट बांधायचा आणि बाकीच्यांच्या बोटी एका रात्रीत जुन्या व्हायच्या. आराखडा एक केल्यावर ती चढाओढ संपली, उरलं फक्त कसब. जगातला पहिला वन-डिझाइन वर्ग म्हणून त्याच होड्यांचं नाव घेतात आणि त्या वर्गाच्या शर्यती अजून चालतात.

तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, ज्याला जी मिळेल ती बोट आणू द्या, वेळेचा हिशोब करून निकाल लावू. तशी सोय आहे. ब्रिटनमध्ये पोर्ट्समथ यार्डस्टिक नावाचे आकडे वापरतात. प्रत्येक जातीच्या बोटीला एक आकडा, लागलेल्या वेळेला हजारानं गुणायचं आणि त्या आकड्यानं भागायचं. ११०० आकड्याच्या बोटीला ४४ मिनिटं लागली तर हिशोबात ४० धरायची. गणित चोख आहे, पण पाण्यावर कोण पुढे आहे ते कुणालाच कळत नाही. नवख्याला तर अजिबात नाही. शेजारची होडी आपल्यासारखीच असून पुढे का गेली, हे डोळ्यांनी दिसतं तेव्हाच माणूस शिकतो. बोट वेगळी असली की 'तिची बोटच भारी' म्हणायला वाव मिळतो आणि शिकणं तिथंच थांबतं.

आता कोणत्या बोटी. जगात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या दोन आहेत. लहान मुलांसाठी ऑप्टिमिस्ट: क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली फ्लोरिडात आखलेली, २.३६ मीटर लांब, ३५ किलोची पेटीसारखी होडी. आणि मोठ्यांसाठी पूर्वी जिला लेझर म्हणत ती आयएलसीए: कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांचा आराखडा, सव्वाचार मीटर लांब, सांगाडा, म्हणजे काठी-शीड सोडून नुसती होडी, ५९ किलोचा. या दुसरीचं वैशिष्ट्य म्हणजे सांगाडा एकच, पण शिडं तीन मापांची: ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर. हलका मुलगा लहान शीड लावतो, भारदस्त माणूस मोठं. पण आयएलसीए एकट्यानं चालवायची बोट आहे आणि नवी घ्यायला गेलात तर काही लाख मोजावे लागतात. एकट्या नवख्याला त्यात बसवणं म्हणजे पहिला महिनाभर त्याला पाण्यातून काढत राहणं.

तुमच्या गटाला मी दोघांची बोट सांगेन. जॅक होल्ट यांची १९५६ सालची एंटरप्राइझ आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चालते. चार मीटरची, निळ्या शिडांची. शर्यतीतून बाद झालेल्या जुन्या बोटी क्लबांकडे पडून असतात, तिथे विचारा. चार सारख्या मिळाल्या की आठ जण पाण्यावर आणि उरलेले काठावर: एक शिट्टीला, दोघं सुरक्षा बोटीत. दर दोन शर्यतींनी पाळी बदला. आठ बोटी घेण्याच्या भानगडीत पडू नका. दोन चांगल्या आणि दोन वाईट अशा चार तर मुळीच नकोत. त्यापेक्षा चारही सारख्याच वाईट असलेल्या बऱ्या.

खिशाला तेही जड असेल तर आणखी एक वाट आहे, आणि शाळेशी संबंध असल्यामुळे तुम्हाला ती जास्त जमेल. 'पडल डक रेसर' नावाची आठ फूट लांब, चार फूट रुंद, चौकोनी डब्यासारखी होडी आहे. तिचा नियम फार हुशारीचा आहे: तळाचे दहा इंच सगळ्यांचे सारखे हवेत, त्यावर काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. प्लायवूडचे काही तक्ते, इपॉक्सी, काचेच्या कापडाच्या पट्ट्या आणि एक बरा सुतार एवढ्यावर ती होते. शीड चक्क ताडपत्रीचं करतात. ताडपत्री मराठवाड्यात कुठं शोधायला जायला नको. फक्त सगळी शिडं एकाच थानातून, एकाच मापानं कापा आणि वरची मोकळीकही बंद करा. दिसायला ही होडी अगदीच गबाळी आहे आणि पळतही नाही. पण हळू चालणाऱ्या बोटींच्या शर्यती जास्त चुरशीच्या होतात, हा माझा अनुभव आहे. सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतात, भांडतात, हसतात.

लहान बोटीचा दुसरा फायदा आपल्या भागातच कळेल. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. धरण मृतसाठ्यात गेलं की तुमचा क्लब चिखलात उभा. चार माणसांना उचलता येईल आणि छोटा हत्तीत घालून दुसऱ्या धरणावर नेता येईल अशी बोट असली तर वर्ष वाया जात नाही.

बोटी सारख्या आणल्या म्हणजे सारख्या राहतात असं नाही. सांगाड्यात पाणी मुरतं, एक बोट पाच-सहा किलोनं जड होते. त्याहून मोठा फरक शिडाचा. वापरून ताणलेलं शीड पोटात सुटतं आणि होडी वाऱ्याला वर, म्हणजे वारा येतो त्या दिशेला, नीट चढत नाही. नवं शीड आणणारा अर्धी शर्यत दुकानातच जिंकतो. म्हणून पहिल्या दिवशीच ठरवा: बोट आणि शीड गटाच्या मालकीचं, खासगी सामान चालणार नाही, आणि प्रत्येक शर्यतीआधी चिठ्ठ्या काढून बोट ठरणार. चिठ्ठ्यांमुळे तक्रारी आपोआप मिटतात. महिनाभरात तीन नंबरची बोट खरंच हळू आहे की उगाच बदनाम आहे, तेही कळतं. गुण बोटीला देऊ नका, माणसाला द्या.

जोड्याही चिठ्ठीनंच पाडा, पण दोन डब्यांतून: एकात जुने, एकात नवे. आणि एक नियम माझ्या आग्रहाखातर ठेवा. दुसऱ्या फेरीला सुकाणू नव्याच्या हातात गेलंच पाहिजे. नाहीतर मुरलेला माणूस सुकाणू सोडत नाही आणि नवा वर्षभर पुढचं शीड ओढत बसतो. तुमचे ते दोघं तज्ज्ञ यावर कुरकुरतील. कुरकुरू द्या. एखादी मुलगी किंवा कुणाच्या घरची वहिनी यायला तयार असेल तर 'ताकद लागते' म्हणून परत पाठवू नका. हलक्या वाऱ्यात पन्नास किलोची मुलगी नव्वद किलोच्या पैलवानाला आरामात मागे टाकते.

आता शर्यत. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक गट इथेच घसरतात. धरण मोठं दिसतं म्हणून पलीकडच्या काठापर्यंत शर्यत लावतात. तासभर चालते, पहिल्या दहा मिनिटांत निकाल लागलेला असतो, उरलेली पन्नास मिनिटं सगळे आपापले फिरतात. तुम्ही दोनच बोया, म्हणजे वळायच्या तरंगत्या खुणा, टाका: एक वारा येतो त्या बाजूला वर, एक खाली, मध्ये तीनशे मीटर. दोन फेऱ्या. बेताच्या वाऱ्यात पंधरा-वीस मिनिटांत संपते. सकाळी अशा पाच शर्यती होतात. एकीत मार खाल्ला तरी पुढची लगेच असते. पाच वेळा सुरुवात करायला मिळते, आणि या खेळात सगळ्यात अवघड आणि सगळ्यात शिकवणारी गोष्ट सुरुवातच आहे. पुढची होडी संपत आली आणि मागची अजून पहिल्याच फेरीत असेल, तर मागच्यांचा क्रम खालच्या बोयावरच मोजून त्यांची शर्यत तिथंच संपवा. ओढत आणू नका.

बोया म्हणजे वीस लिटरचा पिवळा कॅन आणि नायलॉनचा दोर. नांगर टाकू नका. बुडालेल्या शिवारात बाभळीची खोडं, विहिरींची बांधकामं असतात, नांगर अडकला की गेला. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत दगड भरा. अडकली तर कापून टाकता येते.

मोठ्या स्पर्धांत सुरुवातीला पाच मिनिटांची सूचना, चार मिनिटांची तयारीची, एक मिनिटाची आणि मग सुटका अशी निशाणं असतात. तुम्हाला शिट्टी आणि तीन मिनिटं पुरेत. पण पहिले काही रविवार 'ससा' पद्धत वापरून बघा. अनुभवी माणसाची एक होडी ससा होते. ती वारा डाव्या अंगानं घेत, वाऱ्याला जितकं चढता येईल तितकं चढत, सरळ चालत राहते. बाकीच्या सगळ्या वारा उजव्या अंगानं घेत तिच्या शेपटीमागून पार होतात. पार झाली की तिची शर्यत सुरू. सगळे पार झाले की ससाही वळून शर्यतीत येतो. यात गंमत अशी की उशिरा पार होणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, कारण ससा स्वतःच दरम्यान वर चढत गेलेला असतो. त्याच्या शेपटीला घासून गेलात की झालं. एका टोकाला गर्दी, धडकाधडकी, घाबरून मागे राहणं, हे सगळं टळतं. फाइव्ह-ओ-फाइव्हसारख्या वेगवान बोटींच्या मोठ्या स्पर्धांतही ही पद्धत वापरतात, म्हणजे ही काही पोरखेळातली युक्ती नव्हे.

आणि ते दोघं सारखे जिंकले तर? शर्यत जिंकणाऱ्यानं पुढच्या शर्यतीत सुटल्याबरोबर स्वतःभोवती एक पूर्ण गोल घ्यायचा. पुन्हा जिंकला तर दोन गोल. त्याला गर्दीतून वाट काढायला शिकायला मिळतं, बाकीच्यांना त्याच्यासमोर राहून तो काय करतो ते बघायला मिळतं. हिशोब नको, आकडे नकोत.

नियमांचं पुस्तक या खेळाची जागतिक संघटना दर चार वर्षांनी नवं काढते, सध्याचं २०२५ ते २०२८ साठी आहे. ते वाचा, पण पहिल्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवू नका. पाण्यावर चार गोष्टी पुरतात. वारा डाव्या अंगानं घेणारी होडी उजव्या अंगानं घेणारीला वाट देते. दोघींचा वारा एकाच अंगानं असेल आणि त्या शेजारी-शेजारी असतील तर वाऱ्याकडची होडी खालचीला वाट देते. मागून येणारी पुढचीपासून दूर राहते. आणि बोयापासून तीन होड्यांच्या लांबीच्या आत आल्यावर जी आतल्या बाजूला आहे, तिला वळायला जागा द्यायची. हक्क कुणाचाही असो, धडक टाळायची. पहिला नियम नवखे गोंधळात विसरतात, म्हणून बूमच्या, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या काठीच्या, डाव्या अंगाला लाल रंगानं 'वाट द्या' आणि उजव्या अंगाला हिरव्यानं 'माझी वाट' असं रंगवा. वारा डावीकडून असला की बसणाऱ्याला बूमची डावीच बाजू दिसते, म्हणजे नियम आपोआप डोळ्यांसमोर. चुकलेल्यानं, कुणी सांगण्याआधी, गोल घ्यायचा. पुस्तकात आडवं आल्याबद्दल दोन गोल आणि बोयाला धक्का लागल्याबद्दल एक असं आहे. तुम्ही सगळ्याला एकच ठेवा. वाद काठावर मिटवायचा, तोही चहा संपेपर्यंत.

गुणांची पद्धत सोपी: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असं. ज्याचे गुण कमी तो वर. शर्यत पूर्ण न करणाऱ्याला एकूण होड्यांपेक्षा एक जास्त. हंगामात प्रत्येकाचे वाईट निकाल थोडे सोडून द्या, म्हणजे लग्नसराईत एखादा रविवार बुडाला तरी माणूस यादीतून जात नाही.

वाऱ्याबद्दल. समुद्रासारखा एकसुरी वारा धरणावर मिळत नाही. दर काही मिनिटांनी पंधरा-वीस अंशांनी फिरतो. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, साधारण ४५ अंशांत नागमोडी चढते. वारा फिरून नाकाकडे आला आणि होडीचं तोंड बोयापासून दूर जायला लागलं की वळून वारा दुसऱ्या अंगानं घ्यायचा. बाजूकडे सरकला की त्याच अंगानं चालत राहायचं. एवढं एक सूत्र ज्याला अंगवळणी पडलं तो जुन्या माणसालाही मागे टाकतो. वारा आधी बघायची साधनं आपल्याकडे फुकट आहेत. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्याचा धूर, देवळावरचा झेंडा, पाण्यावर पळणारे गडद पट्टे, आणि काठावर वाऱ्याकडे तोंड करून उभे राहणारे बगळे.

हंगाम पाऊस ओसरल्यावर धरा. तेव्हा पाणी भरपूर असतं आणि वारा हलका, नवख्यांना सोसेल असा. पावसाळ्याच्या सुरुवातीला पश्चिमेचा वारा दमदार असतो, पण धरणात तेव्हा बहुधा पाणी नसतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी पाण्यावर जाऊच नका. वळवाचं ढग तासाभरात उभं राहतं, आणि अॅल्युमिनियमची डोलकाठी घेऊन उघड्या पाण्यावर बसणं म्हणजे विजेला आमंत्रण. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेची सूचना देणारं 'दामिनी' अॅप काठावरच्या माणसाच्या फोनमध्ये हवंच. पण गडगडाट ऐकू आला की अॅप न बघता बाहेर यायचं. पाण्यावर सगळीकडे पांढरा फेस दिसायला लागला तर नवख्यांची शर्यत थांबवा.

लाइफ जॅकेट काठावरच चढवायचं, पोहता येणाऱ्यानंही. पहिला रविवार फक्त होडी उलटवून सरळ करण्यात घालवा. उथळ पाण्यात उलटली तर डोलकाठी गाळात रुतते, मग होडी सरळही होत नाही आणि काठीही वाकते. तिच्या टोकाला रिकामा बंद कॅन बांधला तर पूर्ण पालथी होत नाही. उतरायच्या जागी मुरूम टाकून घ्या. काळ्या मातीत ट्रॉलीचं चाक एकदा बसलं की बैलजोडी आणावी लागते.

बोटी घेण्याआधी दोन ठिकाणी जा. एक, पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात लेखी परवानगीसाठी. सुरक्षा बोटीला इंजिन असणार, ते अर्जात आधीच लिहा. पैठणच्या नाथसागराकडे बघून मोह होईल, पण ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे वनखात्याचाही प्रश्न येतो आणि हिवाळ्यात तिथलं पाणी पाहुण्या पक्ष्यांचं असतं. दोन, मच्छीमार सोसायटीकडे. त्यांची जाळी कुठे, कधी लागतात ते विचारा, तुमचं सुकाणू आणि सेंटरबोर्ड (होडीखाली पाण्यात सोडायची फळी) त्यात अडकणारच आहे. सुरक्षा बोट चालवायला त्यांच्यातलाच माणूस पगारावर ठेवा. कुठे खडक वर आला आहे, वारा कोणत्या खोऱ्यातून उतरतो, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

'आपल्याकडे समुद्र नाही' असं कुणी म्हणालं तर नेहा ठाकूरचं नाव सांगा. मध्य प्रदेशातल्या देवासची मुलगी, भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आयएलसीए-४ मध्ये, म्हणजे त्याच आयएलसीएच्या सगळ्यात लहान शिडाच्या वर्गात, रौप्य घेऊन आली.

बक्षिसाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारेलच. रोख रक्कम ठेवू नका. दिवसाचा विजेता सगळ्यांच्या आधी परत पाण्यात जाऊन दगडांच्या त्या दोन गोण्या वर ओढून आणेल, असं ठरवा. चहा-भज्यांचा खर्च दुसऱ्या क्रमांकाकडे.